भोपळ्याची परिक्रमा

"आज महाराज किती चालले?"

"साडेनऊ किलोमीटर!"

"बोलो नर्मदा मैया की जय!"

भेडाघाटच्या वरच्या अंगाला, संगमरवरी कड्यांच्या चिंचोळ्या घळीत, घाटावरच्या गर्दीने एकदम जयजयकार केला आणि समोरच्या कड्याने तो जसाच्या तसा परत पाठवला. चमत्कार असा, की साडेनऊ किलोमीटर चाललेले हे महाराज सकाळपासून कातळाच्या ओट्यावर मांडी घालून बसले होते. जेवायलासुद्धा उठले नव्हते. जेवणच त्यांच्याकडे चालत आलं होतं.

महाराजांचं नाव उपग्रहबाबा. मोबाइल फोनमध्ये नकाशे यायच्या आधीची ही गोष्ट. तेव्हा डोंगर हिंडणारे हौशी लोक मुठीत मावेल असं जीपीएसचं यंत्र बाळगायचे. आकाशातल्या उपग्रहांचे संदेश पकडून ते आपण कुठे आहोत आणि किती चाललो हे सांगायचं. तसलं एक यंत्र बाबांच्या मांडीवर लाल फडक्यात विराजमान असे. सकाळी त्यांचा शिष्य अच्युत सगळ्यांना दाखवून आकडा शून्यावर आणायचा आणि संध्याकाळी वाढलेला आकडा वाचून दाखवायचा.

"आसमान में चौबीस आँखें हैं, माई, वो झूठ नहीं बोलतीं," बाबा डोळे अर्धे मिटून सांगत. "शरीर इथं आहे, पण माझा सूक्ष्म देह मैयाच्या काठाकाठानं परिक्रमा करून राहिला. तुम्ही दुखणाईत, तुम्हाला चालवत नाही. तुमच्या नावानं मी चालतो. परिक्रमा पुरी, दुखणं खतम! तोवर सुई नाही, गोळी नाही. दोन डगरींवर हात ठेवाल तर मैया रुसेल."

ज्यांच्या नावाने बाबा सध्या चालत होते, त्या कुसुमबाई पहिल्याच पायरीवर हात जोडून बसल्या होत्या. उजव्या पायाला जुन्या लुगड्याची पट्टी, तिच्यातून हळदीचा आणि आणखी कशाचा तरी वास. शेजारी त्यांची मुलगी अंजनी नाक न झाकण्याचा प्रयत्न करत होती. शहरात, राइट टाउनमधल्या डॉक्टरांनी स्वच्छ सांगितलं होतं: साखर फार वाढली आहे, जखम चिघळली आहे, आजच्या आज दाखल करा. उशीर केलात तर बोट जाईल, आणखी उशीर केलात तर पाऊल. पण डॉक्टरांकडे ना लाल फडकं, ना आकाशातले चोवीस डोळे. त्यांचं कोण ऐकतो?

"आई, चल ना दवाखान्यात. पाय काळा पडून राहिला."

"पडू दे. परिक्रमा पुरी होऊ दे आधी."

"बाबा जागचे हलत नाहीत, परिक्रमा कशी पुरी होईल?"

"मशीन खोटं बोलते काय वो?" कुसुमबाई उसळल्या. "तूच तर शिकवतं ना पोरांना, विज्ञान, विज्ञान! आता विज्ञानच सांगून राहिलं, तर तुले पटत नाही."

यावर गुलाबरावमामा, म्हणजे कुसुमबाईंचे थोरले भाऊ आणि बाबांच्या भक्तमंडळाचे स्वयंघोषित अध्यक्ष, मान डोलावून म्हणाले, "अच्छा बोली, कुसुम. लाख की बात!" जन्मभर कारखान्यात मापं तपासण्यात गेलेल्या या गृहस्थाने निवृत्त होताच माप तपासायचं सोडून दिलं होतं.

अंजनीला आईचा राग आला, आणि रागाच्या तळाशी भीती होती. ती शाळेत विज्ञान आणि भूगोल शिकवायची आणि दर हिवाळ्यात मुलींना घेऊन पचमढीच्या डोंगरांत हिंडायची. असलंच एक यंत्र तिच्याही पिशवीत होतं. मागच्या सहलीत एका खोल दरीत त्याने वाट कड्याच्या बाहेर, चक्क हवेत दाखवली होती. त्या दिवशी यंत्राचं ऐकलं असतं तर मुलींच्या आईबापांना काय तोंड दाखवलं असतं, या विचाराने तिची झोप उडाली होती. आणि इथे त्याच यंत्राच्या भरवशावर तिच्या आईने पाय पणाला लावला होता.

रात्री ती आईपाशी बसली. "उद्या एक दिवस मी सांगते तसं कर. संध्याकाळी तुला महाराज खरे वाटले तर मी दवाखान्याचं नावही काढणार नाही."

"आणि नाही वाटले तर?"

"तर तू ऑटोत बसायचं. सरळ दवाखान्यात."

कुसुमबाईंनी शपथ घातली, घेतली आणि वर मुलीला दोन शिव्याही घातल्या.

सकाळी अंजनी घाटावर पोचली ती काखेत एक जाडजूड लाल भोपळा घेऊन. "महाराज, हा दिवसभर आपल्या सहवासात राहू द्या. मग आईला भाजी करून घालते."

यातली खोच बाबांना कळली नाही. भक्ताने वाहिलेली वस्तू नाकारायची त्यांना सवयच नव्हती. "रख दो, बेटी!"

अंजनीने भोपळा ओट्यावर बाबांशेजारी बसवला. देठापाशी तिचं स्वतःचं यंत्र, वर पातळ फडकं. आकडा शून्यावर आणताना तिने मामांना साक्षीला घेतलं. मामांनी चष्मा पुसून खात्री केली. मग बाबा बसले, भोपळा बसला, आणि खरं सांगायचं तर भोपळ्याची बैठक बाबांपेक्षा स्थिर होती. बाबा अधूनमधून माश्या हाकलत होते.

संध्याकाळी अच्युतने यंत्र उंच धरलं. "नऊ किलोमीटर!" जयजयकार झाला.

"मामा, आता आपलं वाचा," अंजनी म्हणाली.

मामांनी फडकं उचललं. वाचलं. चष्मा काढून परत घातला. "भोपळा... अकरा."

मग मागून कोणीतरी खी खी केलं आणि हसू पायऱ्यांवरून खाली घरंगळत आलं. पण उपग्रहबाबा कच्च्या गुरूचे चेले नव्हते. दोन्ही हात वर करून ते गरजले, "देखा! संगतीचा प्रभाव! एका दिवसात भोपळाही सिद्ध झाला!"

आणि काय सांगावं, लोकांनी मानलं! एका बाईने झेंडूचा हार आणून भोपळ्याच्या गळ्यात, म्हणजे देठात, अडकवला. दुसरीने कुंकू लावलं. मामा पाया पडायला वाकले. अंजनीला वाटलं, संपलं. आता भोपळ्याचं मंदिर होईल आणि आईचा पाय जाईल. तिच्या डोळ्यांत पाणीच आलं.

पण तिने हार लावलेल्या भोपळ्यापासून आपलं यंत्र सोडवलं आणि अच्युतला म्हणाली, "तुमच्याही यंत्रात नकाशाचं पान असेल ना? दिवसभर कुठून कुठे गेले त्याची रेघ उमटते. ते दाखवा की सगळ्यांना."

अच्युतचा हात फडक्याकडे गेला, पण त्याआधी मामांनीच कौतुकाने यंत्र उचललं होतं. अंजनीने बटण दाबून दिलं आणि दोन्ही यंत्रं आईच्या मांडीवर ठेवली. निळी पट्टी म्हणजे नर्मदा. तिच्यावरून काळी रेघ इकडून तिकडे, तिकडून इकडे, वेडंवाकडं शिवण घातल्यासारखी गेली होती.

कुसुमबाई वाकून बघत राहिल्या. तारुण्यापासून परिक्रमेची आस बाळगलेली बाई. नर्मदा उजव्या हाताला ठेवून चालायचं, आणि काही झालं तरी तिला ओलांडायचं नाही. ओलांडली की परिक्रमा खंडित. हा नियम त्यांना कोणी शिकवायची गरज नव्हती.

"महाराज," त्या हळूच म्हणाल्या, "ही रेघ तर मैयाच्या पार जाऊन राहिली."

"अं? माई, ते... सूक्ष्म देह..."

"सूक्ष्म असो की जाडा. मैया ओलांडत नसतात. आणि एकदा नाही, दिवसभर ओलांडून राहिले तुम्ही! माह्या नावानं!"

गर्दीतली कुजबुज वाढली. जे भोपळ्याने झालं नाही ते या एका नियमाने झालं. परिक्रमा खंडित करणारा बाबा कोणालाच परवडणारा नव्हता. उपग्रहबाबांनी ओठ चाटले, अच्युतकडे पाहिलं आणि त्यांच्या तोंडून त्या जन्मातलं बहुधा पहिलं खरं वाक्य निघालं.

"अरे माई, मशीन है. गलती हो जाती है."

"मग चालले कधी?" कुसुमबाईंनी विचारलं. बाबा माश्या हाकलू लागले.

अंजनीने मग वर बोट दाखवलं. "आपण आत्ता जयजयकार केला तो कड्यावर आपटून परत आला ना? उपग्रहाचा संदेशही तसाच आपटून, उशिराने यंत्राकडे येतो. त्यातून घळीत आकाशाची चिंधीच दिसते, म्हणून उपग्रहही मोजकेच सापडतात. यंत्र गोंधळतं. क्षणात वाटतं आपण इथे, क्षणात वाटतं पलीकडे. ती प्रत्येक खोटी उडी ते चालण्यात धरतं. कोणीही बसा, बाबा बसो की भोपळा. याच बाबांना मोकळ्या मैदानात बसवा, आकडा जेमतेम हलेल."

बाबा मैदानात बसायला तयार झाले नाहीत. अच्युत, असं मागाहून कळलं, सहली नेणाऱ्या एका कंपनीत वाटाड्या होता. घळीत हे यंत्र वाट चुकवतं म्हणून तिथे त्याला शिव्या पडत. इथे त्याच चुकीला हार पडू लागले, म्हणून त्याने ओट्यावर बसवायला एक बाबा शोधला. दुसऱ्या दिवशी ओटा रिकामा होता. सूक्ष्म देह राहिला असेल तर माहीत नाही, स्थूल देह पहिल्या बसने गेला.

कुसुमबाई मात्र त्याच संध्याकाळी, शपथेला जागून, ऑटोत बसल्या. पाऊल वाचलं. अंगठ्याशेजारचं बोट गेलं. आठवडाभर आधी आणलं असतं तर तेही वाचलं असतं, असं डॉक्टर म्हणाले तेव्हा मामा भिंतीकडे तोंड करून रडले.

चार दिवसांनी शेजारच्या खाटेवरच्या बाईने मनगटावरचा मंतरलेला दोरा दाखवून सांगितलं, "याच्यानं साखर उतरते म्हणे."

कुसुमबाईंनी चादर बाजूला करून पट्टी बांधलेला पाय तिच्यापुढे धरला. "बाई, मशीन असो की दोरा, कोणी काही सांगितलं की एकदा भोपळ्याला बांधून पाह्यजो. अन् सुई आधी घेजो. मी उशिरा पाह्यलं."