पाचवीची कात्री

इंद्रायणीचं पोर बाराव्या दिवशी गेलं. पण तसं काही झालंच नाही असं धरून चालू, कारण सरकारी नोंदवहीत 'बाळ-बाळंतीण सुखरूप' असं शाईनं लिहून झालं होतं आणि त्या वहीत खाडाखोडीला मनाई होती.

तर पोर ठणठणीत होतं. १९५५ साली महाळुंग्यात नर्सबाईच्या हातून झालेलं ते पहिलंच बाळंतपण. कुसुमताई पुण्यात शिकून आलेल्या. त्यांनी कात्री वीस मिनिटं उकळली. इंद्रायणीची सासू अंबुबाई चुलीपाशी बसून विचारत होती, की मीठ घालायचं का. नाळ कापली, कात्री पुसून पेटीत गेली आणि ताई खुशीत परतल्या.

पाचव्या दिवशी सकाळीच अंबुबाई त्यांच्या दारात. आज सटवाई पोराच्या कपाळी नशीब लिहायला येणार. नाळ ज्यानं कापली ते हत्यार पाटावर मांडून पुजावं लागतं. एका दिवसापुरती कात्री द्या, हळदकुंकू वाहून परत आणते.

सरकारी कात्री एकच होती. तिला हळद लागली तर साहेब खुलासा मागणार, आणि सटवाई कुठल्या रकान्यात बसवायची?

"तुमचा विळा मांडा की, अंबुबाई," ताई हसून म्हणाल्या. "देवीला काय कळतंय."

अंबुबाईनं मान डोलावली. ताईंचं म्हणणं गावात कुणीतरी पहिल्यांदाच तंतोतंत पाळलं.

अकराव्या दिवशी पोर अंगावर पिईना. जबडा बसला, अंग धनुष्यासारखं ताठलं. ताई धावत गेल्या. बेंबी सुजली होती. काय केलंत, म्हणून त्यांनी विचारलं.

"इळा मांडला, तुमी म्हनला तसा," अंबुबाई म्हणाली. "पर त्यानं नाळ कुठं कापली व्हती? देवीम्होरं खोटं कसं मांडायचं? म्हून उरल्याली नाळ जराशी कापली त्यानं. राखंनं घासून लख्ख केला व्हता, बाई. चुकलं का आमचं?"



जे झालं नाही असं आपण ठरवलंय, ते दुसऱ्या दिवशी झालं. बारशासाठी मागून आणलेला पाळणा दुपारी परत गेला.

वीस ऑगस्टला कुसुमताईंनी वरच्या कचेरीला अर्ज लिहिला: 'दर बाळंतपणामागे एक कात्री, पाचवीची पूजा होईपर्यंत बाळंतिणीच्या घरी ठेवण्यास मंजूर व्हावी. सदर मंजुरी सहा ऑगस्टच्या सकाळपासून, म्हणजे अंबुबाई दारात येण्याच्या आधीपासून, लागू समजण्यात यावी, ही नम्र विनंती.'