पंपातलं पाणी

त्र्याहत्तर साली आमची लेक बनू गेली, तेव्हापासून माझ्या बायकोला, विजयमालेला, वास सोसत नव्हता. फिनेल, रॉकेल, डीडीटी, कशाचाही वास आला की तिचा श्वास कोंडायचा, हातपाय गार पडायचे. शहात्तर साली तिला आष्ट्याहून सांगलीला नेलं. डॉक्टरांनी छातीचा फोटो काढला. "छाती स्वच्छ आहे. हे मनातून येतंय. पण त्रास खरा आहे, त्यांना जपा," ते म्हणाले. मी फक्त 'मनातून' एवढंच ऐकलं. सोयीचं तेवढं ऐकायची माझी जुनी खोड.

म्हसवडाहून मेव्हण्याला, आकारामला, बोलावून घेतलं. "सोंग निघालं तर बहिणीला घेऊन जा," असं त्याला तोंडावर सांगितलं.

दुसऱ्या दिवशी उसावर औषध मारायचा पंप धुतला, त्यात आडाचं पाणी भरलं आणि ढेकणांचं औषध मारतोय म्हणून घरात फवारायला लागलो. दोन फवाऱ्यांतच विजयमाला भिंत धरून खाली बसली. आकारामनं तिला अंगणात आणलं. शेजारच्या बायका जमल्या. मी सगळ्यांदेखत पंपातलं पाणी ओंजळीत घेऊन प्यालो.

"नुसतं पाणी हाय. बघा हिचं सोंग."

आकारामनं मान खाली घातली आणि तो तिचं गाठोडं बांधायला आत गेला.

बऱ्याच वेळानं तिचा श्वास खाली बसला. "पंप धुतला व्हता?" तिनं हळूच विचारलं.

"राख लावून, तीनदा."

"आवं, डबा बी तीनदाच धुतला व्हता तुमी."

बायकांना काही उमगलं नाही. उसावर मारायच्या विषाचा, एंड्रिनचा, रिकामा डबा रानातून मीच घरी आणला होता, चांगला पत्रा वाया कशाला घालवा म्हणून. त्यात प्यायचं पाणी भरा म्हणालो. त्यातलं पेलाभर पाणी विजयमालेनं पोरीला दिलं आणि चार वर्षांची बनू संध्याकाळपर्यंत राहिली नाही. आईनंच पोर मारली असं गाव म्हणायचं. मी ऐकून घ्यायचो. तिनं एकदाही माझं नाव सांगितलं नाही. मला माझीच किळस आली.

आकाराम गाठोडं घेऊन बाहेर आला. मी ते त्याच्या हातातून काढून घेतलं.

"बनूला हिनं न्हाई मारलं," मी बायकांना म्हणालो. "त्यो डबा म्या आणला व्हता."