नाव झाकलेली तबकडी

त्याला सगळे कानसेन म्हणत. आईबापांनी ठेवलेलं नाव आता फक्त विजेच्या बिलावर उरलं होतं. दर शनिवारी दुपारी तो एका लहानशा रेडिओ केंद्रावर जॅझचे नवे अल्बम ऐकवायचा आणि कोणता घ्यावा, कोणता दुकानातच पडू द्यावा, हे तोंडावर सांगायचा. मधाचं बोट लावणं त्याच्या रक्तात नव्हतं. एका नामांकित वादकाच्या अल्बमबद्दल तो एवढंच बोलला होता, की कव्हर जाड आहे, चहाचा कप ठेवायला बरं. लोक शिव्या द्यायचे आणि पुढच्या शनिवारी पुन्हा रेडिओ लावायचे. हा माणूस कुणाचा मिंधा नाही आणि याचा कान चुकत नाही, या दोन गोष्टींवर त्याचं सगळं दुकान चालू होतं.

मिंधं न होण्याची त्याने एक रीतच बसवली होती. आपला तो बाब्या आणि दुसऱ्याचं ते कार्टं, हा रोग कानालाही लागतो असं त्याचं मत. म्हणून आलेल्या तबकड्या बायको कव्हरातून काढायची, मधल्या गोल लेबलवर कोरा कागद चिकटवायची आणि थप्पी त्याच्यासमोर ठेवायची. वाजवणारा कोण, कंपनी कुठली, कळायला मार्ग नाही. आधी ऐकायचं, मत ठरवायचं, मगच कागद सोलायचा.

बायकोचा धाकटा भाऊ स्वतःच एक रेकॉर्ड कंपनी चालवायचा. कंपनी म्हणजे टायरच्या दुकानामागची एक खोली, छताला टेकलेले खोके आणि त्यांच्यामध्ये तो. काढायचा तो सरळ वळणाचा जॅझ. ताल पायाला कळतो, चाल लक्षात राहते, वाजवणारा तिला सोडून लांब भटकतो आणि शेवटी घरी परत येतो. असल्या संगीताला शहाणे लोक लिफ्टमध्ये उगाच वाजत असतं तसलं संगीत म्हणून नाक मुरडतात. शहाण्यांचं काय सांगावं. जे कळलं नाही ते थोर, जे कळलं ते फालतू.

मेहुण्याची एकही तबकडी कानसेनने आजवर वाजवली नव्हती. भिडेखातर कौतुक करावं लागेल, म्हणून तो ती घरातच येऊ देत नसे. बायको धुसफुसायची. पिकतं तिथे विकत नाही म्हणतात, इथे तर पिकतं तिथे कुणी चाखतही नाही, असं भांडी आपटत म्हणायची. आणि आता मेहुण्याने शेवटचा डाव मांडला होता. सॅक्सोफोन वाजवणारी एक बाई, सोबतीला फक्त डबल बास हे खर्जातलं मोठं तंतुवाद्य, बाकी कुणी नाही. हा अल्बम चालला नाही तर खोलीला कुलूप लावून तो सासऱ्याच्या फरशांच्या दुकानात बसणार होता.

बायकोने ती तबकडी गुपचूप थप्पीत सरकवली.

कानसेनने सुई ठेवली आणि चष्मा पुसता पुसता त्याचा हात थांबला. सॅक्सोफोन जड पावलांनी चालत होता, एकेक सूर जागेवर ठेवत, पुढचा उचलण्याआधी मागे वळून बघत. खाली बास एखाद्या दमलेल्या जनावरासारखा श्वास घेत होता. बाजू संपली तरी तो उठला नाही. मग बायकोला हाक मारून म्हणाला, या वर्षी ऐकलेलं हे सगळ्यात चांगलं. आणि कागद सोलला. खाली मेहुण्याच्या कंपनीचं चिन्ह. बायको खिडकीच्या काचेवरचा न दिसणारा डाग पुसत होती.

दिलेला शब्द फिरवणं त्याला जमेना. शनिवारी त्याने ती अख्खी बाजू रेडिओवर वाजवली आणि सांगितलं, एवढं सावकाश वाजवायला छाती लागते, डोळे मिटून घ्या. मेहुण्याच्या खोलीतला फोन वाजायचा थांबेना. टायरवाला कौतुकाने स्वतः खोके उचलू लागला. तेवढ्यात एका औषधवाल्याने तक्रार केली, की माझ्याकडची तबकडी धावते आहे, रेडिओवरच्यासारखी नाही. मेहुण्याने कानावर हात ठेवले आणि यंत्र तपासून घ्या म्हणाला. रेडिओवर काय गोंधळ झालाय, हे त्याला केव्हाच कळलं होतं.

मग ती बाई रेडिओ केंद्रावर आली. दिवसा ती संगीतशाळेत शिकवायची, तशीच आली होती, बोटांवरच्या खडूसकट. काखेत स्वतःचीच तबकडी. तिने कानसेनला विचारलं, तुम्ही कुठला सॅक्सोफोन ऐकलात. तो म्हणाला, टेनर, मोठा, खर्जातला, त्यात विचारायचं काय.

"मी आल्टो वाजवते," ती म्हणाली. "लहान असतो. आवाज वर असतो."

त्याने वाद घालायला तोंड उघडलं. तिने तबकडी यंत्रावर ठेवली आणि वेगाचा खटका तेहेतीसवरून पंचेचाळीसवर सरकवला. चाल धूम पळत सुटली. जनावर नाही, श्वास नाही. दोन तरतरीत माणसं भरल्या रस्त्यात एकमेकांना टोमणे मारत चालली होती.

मोठ्या तबकड्या मिनिटाला तेहेतीस फेऱ्यांवर फिरतात, हे पोरासोरांनाही ठाऊक असतं. आवाज स्वच्छ यावा म्हणून मेहुण्याने ही पंचेचाळीसवर काढली होती. आकडा लेबलवर छापलेला होता, राखाडीवर राखाडी, कारण चित्रकाराला तेच सुंदर वाटलं. आणि त्याच्यावर बायकोचा कोरा कागद. तो सोलल्यावरही कानसेनची नजर चिन्हावर गेली, आकड्यावर नाही. निःपक्षपाती राहायला निघालेला माणूस स्वतःच्याच रीतीने आपटला होता.

बाई रागावली असती तर त्याला सोपं गेलं असतं.

"लोक माझं कौतुक करताहेत," ती म्हणाली. "पण ज्यासाठी करताहेत, ते मी वाजवलेलंच नाही."

संध्याकाळी मेहुणा धापा टाकत घरी आला. झाकली मूठ सव्वा लाखाची, भाऊजी, म्हणाला. लोकांना आवडलंय, पुढच्या खेपेला लेबलवर तेहेतीस छापतो, विषय संपला. बायको म्हणाली, दोष माझ्या कागदावर ढकला, मी काही रेडिओवर बोलत नाही. आल्टो आणि टेनर ओळखता न येणाऱ्या माणसाला उद्यापासून कोण विचारणार, एवढंच कानसेनच्या डोक्यात घुमत होतं. शेवटी त्याने मेहुण्याकडे कंपनीचे सगळे अल्बम मागितले. कव्हरांसकट. उरलेला आठवडा तो ते नावं वाचून, आकडे बघून ऐकत बसला.

शनिवारी त्याने बाईला शेजारच्या खुर्चीत बसवलं आणि माईक उघडला.

"मागच्या शनिवारी मी चुकीच्या वेगावर तबकडी वाजवली," तो म्हणाला. "यंत्र ठीक होतं, कंपनी ठीक होती. चुकले ते माझे कान. आता खरी ऐका."

बाजू वाजली. काचेपलीकडे मेहुणा नखं खात उभा. सुई उचलून कानसेन पुन्हा बोलला. पहिली बाजू चांगली आहे, थोर नाही. तिसरी चाल घाईत उरकली आहे. दुसऱ्या बाजूसाठी मात्र जरूर घ्या, तिथे ही बाई बासला बोलू देते आणि मग उत्तर देते. याच कंपनीचा 'दुपारची पाळी' घ्या, त्यातला पियानोवाला एकही सूर वाया घालवत नाही. 'उघडं फाटक' घ्या, ट्रम्पेटसाठी नाही, ड्रमवाल्यासाठी. 'आठवा मजला' घेऊ नका. मेहुणा माझाच आहे, तरी घेऊ नका.

काचेपलीकडे मेहुण्याने कपाळाला हात लावला. माईक बंद झाला. कानसेनने बाईकडे बघितलं नाही. वायरचा गुंता सोडवण्याचं निमित्त करत तो वाकून बसला.

"तिसरी चाल घाईत झाली, हे मला वाजवलं त्याच दिवशी कळलं होतं," ती म्हणाली. "सगळे वा वा म्हणाले. मी गप्प बसले."

ती उठली, खांद्याला पिशवी लावली आणि दाराशी थांबली.

"पुढची तबकडी काढताना तुम्ही येऊन बसा," ती म्हणाली. "फक्त यंत्राला हात लावायचा नाही."