गच्चीवाला बंगला

श्रीवर्धनचा बंगला विकायला काढला तेव्हा जाहिरात आमच्या ह्यांनी स्वतः लिहिली : 'नूतनीकरण केलेला बंगला, समुद्र पाच मिनिटांवर, प्रशस्त गच्ची.' गच्ची हा शब्द ठळक. मी वाचलं आणि गप्प बसले. तीन वर्षं गप्पच होते, त्यात आणखी एक दिवस.

घर घेतलं तेव्हा त्यावर उतरतं कौलारू छप्पर होतं. आमचे आदिनाथराव पाटबंधारे खात्यातून निवृत्त झालेले. पाण्याचं आपल्याइतकं कुणाला कळत नाही, ही त्यांची खात्री. त्यात आम्ही कुंभार पिंपळगावचे. आमच्याकडे पत्रे-कौलं म्हणजे गरिबी, आणि स्लॅब पडला म्हणजे माणूस वर आला. गच्चीवर तूर वाळवायची, उन्हाळ्यात अंथरुणं टाकायची. श्रीवर्धनचा सुतार भिवा परोपरीने सांगत होता, "साहेब, कौलं काढू नका. इथला पाऊस चार महिने हलत नाय." हे हसले. सपाट गच्ची, कंबरेएवढा कठडा, आणि पाणी जायला गावाकडे असतं तसं एकच बारीक नळकं.

पहिल्याच आषाढात गच्चीचं तळं झालं. बैठकीत सात ठिकाणी गळायला लागलं. मी घमेली मांडत फिरले आणि हे म्हणाले, "यंदा पाऊसच जादा झाला." पुढच्या वर्षी डांबर ओतलं, त्याच्या पुढच्या वर्षी कसलंसं रसायन. पाऊस आपला दरवर्षी जादाच होत राहिला.

पिंपळगावात मात्र कुणाला पत्ता नव्हता. कोकणात बंगला म्हटल्यावर माणसं ह्यांना खुर्ची पुढे करत.

मार्चमध्ये शहागडहून अण्णासाहेब आमच्या पिंपळगावच्या घरी आले, कौसल्यावहिनींना घेऊन. अण्णासाहेब ह्यांचे शाळेपासूनचे दोस्त, आता निवृत्त मास्तर. अंबडचा प्लॉट विकून उरलेलं आयुष्य समुद्राकाठी काढायचं, असं दोघा नवरा-बायकोनं ठरवलं होतं. मोबाइलवरचे फोटो त्यांनी पुन्हा पुन्हा पाहिले.

"गच्ची पाहूनच मन भरलं बघ, आदिनाथ," अण्णासाहेब म्हणाले. "बिलकुल आपल्याकडल्यावानी."

"मी कुरडया तिथंच घालीन," वहिनी म्हणाल्या. "पन पावसाळ्यात कसं राह्यतं हो, भाऊजी?"

"एकदम फस्ट क्लास," हे म्हणाले.

चहाचा ट्रे माझ्या हातात होता. असा संताप आला! परक्या गिऱ्हाइकाला फसवलं असतं तरी मला आवडलं नसतं, आणि हा तर ह्यांच्या ताटात जेवलेला माणूस.

"गळतं," मी म्हणाले. "सात जागी. ह्यांनी कौलं काढली म्हणून."

कुणी चहाला हात लावला नाही. निघताना अण्णासाहेब म्हणाले, "वहिनी, बरं झालं बोललात." ह्यांच्याकडे त्यांनी पाहिलंसुद्धा नाही.

दोन दिवस हे माझ्याशी बोलले नाहीत. मीही नाही, माझं काय अडलं होतं! तिसऱ्या दिवशी सकाळी ओसरीत बसून ह्यांनी फोन लावला. स्पीकर चालू, कारण ऐकू कमी येतं आणि ते कबूल नाही.

"भिवा, आदिनाथ बोलून राह्यलो. तुमचं बराबर होतं. माझं चुकलं. पुन्हा कौलं घालायची. नवी जल्दी मिळतील का?"

"नवी कशाला, साहेब? तुमचीच हायत. माझ्या परसात रचून ठेवलीत."

"टाकली न्हाईत?"

"घाटावरचा माणूस तीन पावसाळे बघितल्याशिवाय ऐकत नाय. ठाऊक होतं, कधीतरी मागाल."

बत्तीस वर्षांच्या संसारात 'माझं चुकलं' हे शब्द ह्यांच्या तोंडून मी पहिल्यांदा ऐकले, तेही सुताराच्या वाट्याला गेले. मला राग यायला हवा होता, पण डोळे भरून आले.

मग ह्यांनी अण्णासाहेबांचा नंबर काढला आणि फोन माझ्यापुढे धरला. "तूच बोल. माझ्यावर आता भरोसा न्हाई ठेवायचा तो."

मी फोन परत त्यांच्या हातात दिला.

"भिवाला म्हणलात, तेच म्हणा," मी म्हणाले.