डाळ-तांदळाशेजारी बाटली

समोरच्या दुकानात गर्दी दिसली आणि पोटात दुखलं नाही, असा दुकानदार कुणी पाहिलाय का? वाचकहो, आम्ही तरी पाहिलेला नाही. जयपूरच्या राजा पार्कात किराणा दुकान चालवणारे हिंदुराव निकम याला अपवाद नव्हते. वीस वर्षं पलटणीत काढून, रसद वाटणारे हवालदार म्हणून ते निवृत्त झाले होते. शेवटचं ठाणं जयपूरचं, म्हणून इथेच राहिले. शत्रूपुढे हा माणूस कधी डगमगला नव्हता, पण चमनलालने मात्र त्याची झोप उडवली!

चमनलालचं दुकान रस्त्यापलीकडे, अगदी समोर. दसऱ्याला त्याला दारूविक्रीचा परवाना मिळाला आणि तेल-साबणाच्या फळीवर बिअर-रमच्या बाटल्या येऊन बसल्या. तेव्हापासून हिंदुराव हाताने डाळ तोलायचे आणि डोळ्यांनी पलीकडची गिऱ्हाइकं मोजायचे. साखर मागणाऱ्याला रवा बांधून दिला, असं एका आठवड्यात तीनदा झालं.

सगळ्यांत झोंबलं ते रत्नप्रभाबाईंचं. त्या विमा कंपनीतल्या साहेबांच्या पत्नी. त्यांच्यासाठी हिंदुराव खास साताऱ्याहून पोहे आणि गूळ मागवत. मुंबईला असताना त्यांच्या यजमानांना बाटलीसाठी परमिट काढावं लागे. इथे ती साबणासोबत एकाच पिशवीतून येते म्हटल्यावर महिन्याची सगळी यादीच चमनलालकडे गेली.

"पोहेसुदिक त्याच्याकडचेच!" हिंदुराव जेवताना चडफडले. "त्याला पोहे पातळ का जाड, ते तरी कळतं का?"

"जेवा आता. भात गार होतोय," त्यांच्या पत्नी इंदुबाई म्हणाल्या.

पण हिंदुरावांचं जेवणात लक्ष कुठलं! दुसऱ्याच दिवशी त्यांनी अबकारी कचेरीतून अर्जाचा कागद आणला. आपल्याही दुकानात दारू ठेवायची! अर्जावर पाच शेजाऱ्यांच्या 'हरकत नाही' अशा सह्या लागत होत्या. चार तर दुपारपर्यंतच मिळाल्या.

इंदुबाईंनी कागद पाहिला आणि त्यांचा चेहरा उतरला. "अहो, बायापोरी सामान न्यायला येतात तिथं ही बाटली कशाला?"

"त्यात काय झालं?" हिंदुराव उसळले. "पलटणीत आटा, साखर, चहा आन् रम, समदं एकाच डेपोतनं मिळायचं. मी स्वतः वाटलंय. आभाळ कोसळलं का?"

हा मुद्दा त्यांना अगदी बिनतोड वाटत होता. वीस वर्षं रम त्यांनी साखरेच्या पोत्याशेजारीच पाहिली होती. त्यांच्या लेखी तोही एक शिधाच होता.

पाचवी सही कोंडिबाची. कोंडिबा त्यांच्याच पलटणीतला. आता सिव्हिल लाइन्समधल्या एका बंगल्यावर माळीकाम करायचा आणि मागच्या गल्लीत राहायचा. पलटण सुटल्यावर दारूने त्याचं पार मातेरं केलं होतं, पण आता तीन वर्षं थेंबाला शिवला नव्हता. संध्याकाळी पिशवी घेऊन यायचा, चहापत्ती घ्यायचा, पोत्यावर बसून घटकाभर गप्पा मारायचा आणि घरी जायचा.

हिंदुरावांनी कागद पुढे केला. कोंडिबाने तो वाचला आणि त्याचे डोळे लखलखले.

"हवालदारसाहेब, झकास! कधीपास्नं? मतलब, आपल्या माणसाचं दुकान, म्हणून विचारलं."

त्याने घाईघाईने सही केली. शाई बाजूला सांडली, तिकडे त्याचं लक्षही नव्हतं. चहापत्ती मात्र तो न्यायचाच विसरला. पाच सह्या पुऱ्या झाल्या, याच आनंदात हिंदुराव होते. आता बघतोच त्या चमनलालकडे!

दुसऱ्या दिवशी दुपारी कोंडिबाची बायको मालन मागच्या दाराने घरात आली. इंदुबाईंनी पाणी दिलं, ते तिने तसंच हातात धरून ठेवलं. हिंदुराव दुकानातून आत आले तशी ती उठून उभी राहिली.

"दादा, लहान तोंडी मोठा घास घेते. काल राती ह्यांना झोप न्हाई. सकाळी मला म्हणाले, हवालदारांकडं आता सगळं मिळणार."

"मग? मी काय त्याला ओढून पाजणार हाय व्हय?"

"न्हाई दादा. पर दारूचा ठेका कुठं हाय ते ह्यांना ठाऊक हाय, म्हणून ते त्या रस्त्यानं जातच न्हाईत. चमनलालजींच्या बाजूचा फुटपाथ बी सोडला त्यांनी. तुमच्याकडं पाठवलं की मी निर्धास्त असते. आता चहापत्ती बी तिथंच आन् ती बी तिथंच. मग मी त्यांना कुठल्या रस्त्यानं पाठवू?"

हिंदुराव पुटपुटले, "पलटणीत बी तो माझ्याच हातनं घ्यायचा की."

"तिथं तुम्ही कसं द्यायचात, ते सांगा बघू," इंदुबाई म्हणाल्या. "तुम्हीच कितीदा सांगितलंय. नाव पुकारायचं, एकेकाला एकच माप द्यायचं आन् पिंपाला कुलूप लावायचं. इथं कुलूप लावणार हाय का? कोंडिबा दुसऱ्यांदा आला तर, 'तुझं माप झालं, घरी जा,' असं म्हणणार? गिऱ्हाइकाला असं म्हणणारा दुकानदार मी तरी बघितला न्हाई. आन् खरं सांगा, हे दुकान चालावं म्हणून चाललंय, का चमनलाल चालतोय म्हणून?"

हिंदुराव खाटेवर बसले. कुलुपाचं नाव निघालं आणि इतकी वर्षं मनात दाबून ठेवलेलं वर आलं. डोंगरातल्या त्या थंडीत पलटणीतले काही जवान रम घेत नसत. त्यांची मापं उरायची आणि ती कोंडिबाच्या मगात जायची. गावाकडचा पोरगा, थंडीने कुडकुडतोय, म्हणून हिंदुरावच प्रेमाने ओतायचे. आधी दोन मापं, मग तीन!

"मालन," ते खाली बघत म्हणाले, "त्याला ती सवय मीच लावली. माझ्या हातानं. कुलूप होतं, किल्ली बी माझ्याकडंच होती, तरी सवय लावली!"

मालन बराच वेळ रडली, मग डोळे पुसून घरी गेली.

आणि हिंदुरावांनी तो अर्ज फाडला! पाच सह्यांसकट चुलीत घातला. मत्सर मात्र असा एका काडीने जळत नाही. पलीकडे मोटार थांबली की पुढेही कितीतरी दिवस त्यांच्या पोटात कळ यायची, हे आम्ही लपवणार नाही.

त्या संध्याकाळी कोंडिबा आला. आल्या आल्या त्याने विचारलं, "साहेब, परवाना?"

"अर्जच केला न्हाई. आन् करणार बी न्हाई."

कोंडिबाचा चेहरा पडला. क्षणभर तर तो रागावल्यासारखाच दिसला. मग हळूच पोत्यावर बसला आणि त्याने दोन्ही हातांनी तोंड झाकलं.

"बरं केलंत," तो म्हणाला. "सही करताना मला माझंच भ्या वाटलं हुतं."

"मला माफ कर, कोंडिबा."

"तुम्हांस्नी कशापायी?"

तेव्हा हिंदुरावांनी त्याला त्या उरलेल्या मापांची आठवण करून दिली. कोंडिबाने ऐकून घेतलं. 'माफ केलं' असं तो म्हणाला नाही. पिशवी पुढे करून एवढंच बोलला, "पाव किलो चहापत्ती द्या. उद्या बी येईन."

बंधूंनो आणि भगिनींनो, दारू विकावी की न विकावी, याचा वाद सरकारात चालायचा तो चालू दे. पण विकायचीच असेल तर तिचं दार वेगळं असू द्या. दारू सोडलेल्या माणसाला पाय आवरता येतात ते वाट बदलता येते म्हणून. मीठ-मिरचीच्या वाटेवरच आपण बाटली मांडली तर त्याने जायचं कुठे? आणि शेजाऱ्याच्या गल्ल्याकडे बघून आपल्या फळीवर माल लावण्याआधी इतकंच विचारा, की आपल्यावर विसंबून कुणाच्या घरची बाई आज निर्धास्त बसली आहे!