गवतावर टाकलेला मोजा

मी डाव्या हाताचा मोजा आहे, मित्रांनो. जुना, जाड कातड्याचा आणि तंबाखूच्या थुंकीने काळा पडलेला. यात कमीपणा कसला? बेसबॉलमध्ये चेंडू टाकणाऱ्याला पिचर म्हणतात, आणि माझा पिचर एमिल हॅवरकँप माझ्यात थुंकल्याशिवाय चेंडूच टाकत नसे.

कोळशाच्या खाणीतून तो सुटला तो उजव्या हाताच्या जोरावर. अकरा उन्हाळे ओहायोतल्या आमच्या गावाने त्याला डोक्यावर घेतले. तेव्हा लहान मुले मला हात लावायला रांगा लावत, आणि मीही फुशारून जात असे.

आमच्या काळी एक रीत होती. आपली फलंदाजी आली की खेळाडू मोजे मैदानातच टाकून जात. इतर पिचर रेषेबाहेर टाकत. एमिल मात्र मला मधल्या गवतावर एकाच जागी टाकी, कारण त्याने पहिला सामना जिंकला तेव्हा मी तिथेच पडलो होतो. तिथे मला फार एकटे वाटे. परक्यांचे बूट अंगावरून जात, आणि माझ्याकडे कुणी बघतही नसे.

पुढे एमिलचा खांदा दुखू लागला. एका दुपारी संघाचे व्यवस्थापक टर्नबो त्याला म्हणाले, "एमिल, तुझा खांदा कुरकुरतोय, मला इथपर्यंत ऐकू येतं. आज हरलास तर सामान बांध. आणि तो मोजा बाहेर टाक रे बाबा, कुणाच्या तरी पायात येईल!"

"आला तर त्यांच्याच पायात येईल ना!" एमिल हसला. आणि त्याने मला पुन्हा त्याच जागी टाकले.

शेवटचा डाव आमचा होता. आम्ही एका धावेने मागे होतो, एकच गडी उरला होता, आणि आमचे दोघे वाटेतल्या थांब्यांवर धाव पुरी करायला टपले होते. आमच्या फलंदाजाने चेंडू असा सणसणीत मारला की तो मागे निसटता तर दोन्ही धावा नक्की होत्या. पण तो सरळ माझ्यावर आदळला आणि तिथेच थांबला. समोरच्या संघाच्या खेळाडूने तो आरामात उचलून फेकला. गडी बाद झाला, आम्ही हरलो.

मैदान रिकामे झाले. मला कुणी उचलले नाही. शरमेने मला वाटले, उचलूही नये.

बऱ्याच वेळाने एमिल आला. अंगात कोट होता, हातात पेटी होती. तो वाकून म्हणाला, "चल, म्हाताऱ्या. तुझी काय चूक? टाकलं तर मीच होतं."

तो रागावला असता तर बरे झाले असते.

आता मी त्याच्या घरी खिळ्याला टांगलेला आहे. उजाडण्याआधी तो खाणीत उतरतो आणि अंधार पडल्यावर परततो. मित्रांनो, आपल्या वस्तू जपून, जागच्या जागी ठेवत जा. आम्हाला पाय नसतात. त्या दुपारी मला वीतभर सरकता आले असते, तर एमिलला आणखी एक उन्हाळा ऊन मिळाले असते.