हात हलते ठेवा

निवडणूक जवळ आली की पक्षांना बहिऱ्यांची आठवण येते, आणि बहिऱ्यांची आठवण आली की दुभाषिणीचा फोन वाजतो. एरवी तिच्याकडे कुणी ढुंकूनही बघत नाही. तेव्हा ती दवाखान्यात, न्यायालयात, शाळेच्या पालकसभेत उभी राहून बहिऱ्या माणसांचं म्हणणं ऐकणाऱ्यांना आणि ऐकणाऱ्यांचं बहिऱ्यांना सांगत असते. ते काम खरं. सभेतलं काम म्हणजे काळा सदरा घालून व्यासपीठाच्या कोपऱ्यात उभं राहायचं आणि साहेब जे बोलतील ते हातांनी सांगायचं. काळा सदरा अशासाठी, की त्यावर हात उठून दिसतात.

बाबा जन्माचे बहिरे, आईही तशीच होती. त्यामुळे तोंडातून शब्द फुटायच्या आधी तिची बोटं बोलायला लागली. पुढे बहिऱ्यांच्या शाळेतल्या म्हाताऱ्या बाईंनी तिला या धंद्याचे नियम घोटून शिकवले. नियम दोनच. कानावर पडेल ते सगळं सांगायचं, मग ते कुणी कुणालाही बोललेलं असो. आणि आपल्या पदरचं काही घालायचं नाही. दुसरा नियम पाळणं पक्षांच्या सभेत फार अवघड जातं, कारण तिकडून येणारा माल इतका थोडा असतो की हात रिकामे राहतात.

यावरूनच पहिली कुरबुर झाली. सत्तेवर असलेल्या न्यायपक्षाची छोटी सभा संपली आणि सभेचा संयोजक तिच्याकडे आला. गळ्यात दोन बिल्ले, कानात एक यंत्र, आणि चेहऱ्यावर लग्नाची पंगत उरकत नसल्यासारखी घाई.

"ताई, एक विचारू? राग मानू नका. साहेब अकरा मिनिटं बोलले. तुमचे हात तीनदा हलले."

"साहेब तीनच गोष्टी बोलले."

"अकरा मिनिटांत?"

"'आम्ही तुमच्या पाठीशी आहोत' हे चौदा वेळा बोलले. 'इतिहास साक्षी आहे' असं एकदा म्हणाले. आणि मग पाणी मागितलं."

"पाणी मागितलं तेपण सांगितलंत?"

"कानावर पडलं ना."

संयोजकाने कपाळ चोळलं. "ते सगळं ठीक आहे हो, पण हात हलते ठेवा. कॅमेऱ्यात दिसलं पाहिजे. लोकांना वाटलं पाहिजे की काहीतरी चाललंय." जाता जाता त्याला आणखी एक आठवलं. पक्षाच्या सामाजिक न्याय विभागाने तीन बैठका घेऊन ठरवलं होतं की यापुढे बहिरा म्हणायचं नाही, श्रवणभिन्न मित्र म्हणायचं. ती बरं म्हणाली. मग त्याने विचारलं की हे हातांनी कसं दाखवणार. तिने नेहमीची खूण करून दाखवली, कानाकडे बोट आणि मग नकार.

"ही बदलता येईल का?"

"ज्यांची आहे त्यांना विचारावं लागेल."

"नको मग," तो म्हणाला. "तेवढा वेळ नाही."

दुसरा पक्ष, म्हणजे जुना पक्ष, याहून पुढे गेला होता. त्यांनी न्यायपक्षावर कडी म्हणून दोन दुभाषिणी उभ्या केल्या. एक ती, आणि दुसरी कुणा पदाधिकाऱ्याची मेहुणी. मेहुणी आठवडाभर फोनवर चित्रफिती बघून शिकली होती. 'सर्वांना समान हक्क' या वाक्याला तिने 'सगळ्यांना आंघोळ' असं सांगितलं आणि टाळ्या घेतल्या. जुन्या पक्षाच्या पुढाऱ्यांनी आपल्या कारकिर्दीत बहिऱ्यांना काही दिलं नव्हतं, आंघोळसुद्धा नाही, त्यामुळे हे नवीन आश्वासन मागच्या रांगेतल्या लोकांना आवडलं असावं.

बाबांना हे सांगितलं तेव्हा ते पोट धरून हसले. बाबांचं हसणं मोठं होतं, शेजारच्या खोलीत ऐकू जायचं, आणि त्यांना ते ठाऊक नव्हतं. मग ते थांबले आणि त्यांनी हातांनी विचारलं, "दिव्याचं काय?"

दिव्याचं काय, हाच त्या घरातला एकमेव राजकीय प्रश्न होता. बाबा खोक्यांच्या कारखान्यात कामाला होते. तिथे बहिऱ्यांची एक वेगळी पाळीच होती. मालक म्हणायचा, ही माणसं गप्पा मारत नाहीत. दिवसभर त्यांच्या गप्पा चालायच्या, फक्त मालकाला त्या ऐकू येत नव्हत्या. कारखान्यात पुठ्ठा दाबणारं मोठं यंत्र होतं आणि त्याला जोडलेला चालता पट्टा. पट्टा सुरू होण्याआधी भोंगा वाजायचा, म्हणजे जवळची माणसं बाजूला होतील. गेल्या वर्षी लंबू, बाबांचा वीस वर्षांचा दोस्त, अडकलेला पुठ्ठा काढायला आत वाकला होता. भोंगा नियमाप्रमाणे वाजला, असं चौकशीच्या अहवालात लिहिलं आहे. वाजला होताच, त्यात खोटं काही नाही. लंबू मात्र त्या दिवशी घरी आला नाही, आणि नंतरही कधी नाही.

त्या दिवसापासून त्या पाळीतल्या सगळ्यांची मागणी एकच. भोंग्याशेजारी एक लाल दिवा लावा. भोंगा वाजेल तेव्हा तो लुकलुकेल, आणि आम्हाला दिसेल. मालक वाईट माणूस नव्हता, म्हणजे तो स्वतः तरी तसं सांगायचा. तो म्हणाला, नियमात दिवा लिहिलेला नाही, नियमात आणा, मी उद्या लावतो. नियमात एक ओळ घालायला न्यायपक्षाच्या साहेबांची सही पुरेशी होती, कारण कामगार खातं त्यांच्याकडेच होतं.

साहेबांना या माणसांनीच निवडून दिलं होतं. दगडापेक्षा वीट मऊ म्हणतात, म्हणून त्यांनी मागच्या खेपेला जुना पक्ष सोडून विटेवर शिक्का मारला. त्या वेळी साहेब भाषणात रडले होते. ज्यांचा आवाज कुणी ऐकला नाही त्यांचा आवाज आम्ही होऊ, असं म्हणून त्यांनी रुमालाने डोळे पुसले होते. बहिऱ्यांमध्ये प्रत्येकाला खुणेचं नाव असतं. साहेबांना त्या दिवशी नाव मिळालं, डोळ्याच्या कोपऱ्याला दोनदा बोट लावायचं. आधी ते मायेने दिलेलं होतं. आता तीच खूण करताना लोक तोंड वाकडं करायचे.

लंबू गेला तेव्हा साहेब आले होते. त्यांनी लंबूच्या बायकोला शाल दिली, एक मानपत्र दिलं आणि दोन मिनिटं शांतता पाळली. आता शांतता पाळत आहोत हे श्रवणभिन्न मित्रांना सांगा, असं संयोजक तिला कुजबुजला होता. तिने सांगितलं. लंबूच्या बायकोने, तीही बहिरीच, हातांनी विचारलं, "म्हणजे एरवी काय असतं?"

"दिव्याचा अर्ज मी संयोजकाच्या हातात दिलाय," तिने बाबांना सांगितलं. "मोठ्या सभेत साहेब स्वतः बोलणार आहेत म्हणतो."

"मागच्या सभेत पण बोलणार होते."

"या वेळी कागदावर लिहून घेतलंय त्याने."

"त्यांनी माझ्या कोपराला इतका गूळ लावलाय," बाबांनी हातांनी सांगितलं, "की शर्टाची बाही चिकटते." मग ते गंभीर झाले. पाळीतल्या सगळ्यांनी मिळून ठरवलं होतं. व्यासपीठावरून जो दिवा हा शब्द उच्चारेल त्याला मत. पूर्ण करण्याचं वचन नको, नुसता शब्द उच्चारला तरी चालेल. आणि कुणीच नाही उच्चारला तर मतदानाच्या दिवशी झोप काढायची. इतक्या स्वस्तात मत विकायला काढलेली माणसं तिने दुसरी पाहिली नव्हती, आणि तिला वडिलांची दया आली. वडिलांना ती कळली असती तर त्यांनी तिला झापलं असतं.

मोठी सभा मैदानात होती, दुपारी चारला. पहिली रांग 'श्रवणभिन्न मित्रांसाठी राखीव' अशा पाट्या लावून त्यांना दिली होती. पाळीतले सगळे आले होते, धुतलेले कपडे घालून. लंबूची बायको घरी राहिली होती, शांततेला ती विटली होती. दुभाषीण नेहमीप्रमाणे व्यासपीठाच्या डाव्या कोपऱ्यात उभी राहिली. साहेबांच्या आधीच्या दोन वक्त्यांचं होईपर्यंत सगळं सुरळीत होतं. मग छायाचित्रकार संयोजकाच्या कानाला लागला आणि संयोजक धावत तिच्याकडे आला.

"ताई, घोळ झालाय. पहिली रांग सगळी तुमच्याकडे बघतेय. साहेब बोलायला उभे राहिले आणि लोक दुसरीकडेच बघतायत, असं फोटोत दिसेल."

"त्यांना माझ्याकडेच बघावं लागणार."

"हो, पण दिसायला बरं नाही ना ते." त्याने क्षणभर विचार केला आणि त्याला आपल्या हुशारीचं कौतुक वाटलं हे तिला स्पष्ट दिसलं. "तुम्ही साहेबांच्या मागे उभ्या राहा. एक पायरी वर, अगदी खांद्यामागे. म्हणजे ते तुमच्याकडे बघतील आणि फोटोत साहेबांकडे बघतायत असं वाटेल."

तशी व्यवस्था झाली. साहेब बोलायला उभे राहिले तेव्हा ती त्यांच्यापासून हातभर अंतरावर होती. त्यांच्या मानेवरचा घाम आणि सदऱ्याच्या कॉलरला राहिलेली दुकानाची चिठ्ठी तिला दिसत होती. समोर पहिली रांग डोळ्यांची पापणी न लववता बघत होती. छायाचित्रकार खूश होता.

साहेब वंचितांबद्दल बोलले. उपेक्षितांबद्दल बोलले. मग दोघांबद्दल एकत्र बोलले. न्याय हा शब्द इतक्या वेळा आला की तिचे दोन्ही तळवे तराजूच्या पारड्यांसारखे वरखाली होऊन दुखायला लागले. हात हलते होते, संयोजकाची आज तक्रार नव्हती. पण बाबा वाट बघत होते. त्यांचे डोळे तिच्या उजव्या हाताकडे लागले होते. दिव्याची खूण त्याच हाताने होते, मूठ उघडायची, मिटायची, उघडायची. भाषण पुढे सरकत होतं आणि तिची मूठ उघडत नव्हती. आपल्या पदरचं घालावं, एकदाच मूठ उघडावी, असं तिला फार वाटलं. तिने घातलं नाही.

"आणि म्हणून," साहेब म्हणाले, "शेवटच्या माणसापर्यंत," आणि थांबले, कारण शेवटी टाळ्या यायच्या होत्या. त्या आल्या. त्यात बाबा उभे राहिले.

त्यांनी दोन्ही हात वर केले आणि सावकाश, कुणालाही कळेल इतक्या मोठ्या खुणांनी विचारलं. ती मोठ्याने बोलली. दुभाष्याने बोलणाऱ्याच्या जागी उभं राहून बोलायचं असतं, म्हणून ती 'मी' म्हणाली. "मी खोक्यांच्या कारखान्यात काम करतो. भोंग्याशेजारी दिवा कधी लागणार?"

तिच्यासमोर ध्वनिक्षेपक नव्हता, तरी पहिल्या चार-पाच रांगांना ऐकू गेलं. संयोजक पायऱ्यांशी येऊन दातांवर दात ठेवून म्हणाला, "ताई, तुमचं काम इकडचं तिकडे सांगायचं. तिकडचं इकडे नाही."

साहेबांनी मात्र फार सुंदर हसून हात जोडले. मग ध्वनिक्षेपकावर तळवा ठेवून ते शेजारी बसलेल्या सचिवाकडे किंचित वाकले. सचिवाच्या मांडीवर मतदारांची यादी होती.

"काय मागतायत?" साहेबांनी हळूच विचारलं.

"दिवा. त्या कारखान्यात. पण साहेब, तो मालक आपल्यालाच मदत करतो. दोन्हीकडे करतो, पण आपल्याला जास्त."

"मतं किती यांची?"

सचिवाने पान उलटलं. "त्या पाळीतली? बावीस."

"मग जाऊ दे. हसून हात कर. पुढच्या वेळी बघू."

हे सगळं तिच्या कानावर पडलं. ज्याला ऐकू येतं अशा कुणाच्याही कानावर इतक्या जवळून पडलंच असतं. आणि समोर तीच माणसं बसली होती ज्यांना ते ऐकायचा हक्क होता. तिने साहेबांच्या खांद्यामागून सगळं सांगितलं. मालक, दोन्हीकडे, आपल्याला जास्त, मतं किती, बावीस, जाऊ दे, हसून हात कर. साहेब हसून हात करत होते. समोरची रांग त्यांच्याकडे टक लावून बघतेय असं त्यांना वाटत होतं.

बाबा अजून उभेच होते. त्यांनी हात उचलले. या वेळी खुणा लहान होत्या, आपल्या माणसाशी बोलताना असतात तशा.

"आता काय म्हणतोय तो?" साहेबांनी हसू तसंच ठेवून, मागे न वळता तिला विचारलं.

"'बावीस नाही, एकवीस,'" ती बाबांच्या जागी उभी राहून म्हणाली. "'बाविसावा लंबू होता. तुम्ही त्याच्यासाठी शांत उभे राहिला होतात.'"

साहेब पहिल्यांदा मागे वळले. त्यांनी तिचे हात पाहिले, मग रांग पाहिली, आणि ही माणसं मघापासून कुणाकडे बघत होती ते त्यांच्या लक्षात आलं. त्यांच्या चेहऱ्यावर काहीतरी आलं. लाज असावी असं तिला क्षणभर वाटलं आणि त्या क्षणापुरती तिला आशाही वाटली. मग ते सचिवाकडे वळले.

"यादी दुरुस्त करून घे," ते म्हणाले.

तिने तेही सांगितलं.